काळ्या कातळापासून सातबाऱ्यापर्यंत

सह्याद्रीच्या घाटांत एकावर एक रचल्यासारखे दिसणारे काळे कातळ हे थिजलेल्या शिलारसाचे थर आहेत. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला. झीज होऊन आज उरलेला दख्खनचा बेसाल्टही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात काही ठिकाणी त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. त्याच काळात पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती नाहीशा झाल्या. पक्ष्यांची शाखा वगळता डायनोसॉर संपले, समुद्रातले अमोनाइटही संपले.

त्या संहाराचा मुख्य आरोपी मात्र बाहेरून आला होता. इटलीतल्या गुबिओजवळ चुनखडीच्या थरांमध्ये मातीचा एक पातळ पट्टा आहे. त्यात इरिडियम हे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ आणि अशनींमध्ये विपुल असणारे मूलद्रव्य भरपूर सापडले, तेव्हा लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी सहकाऱ्यांसह 1980 मध्ये आघाताचा सिद्धान्त मांडला. मेक्सिकोतले चिक्शुलूब येथील सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे गाडलेले विवर हीच आघाताची जागा असल्याचे 1991 मध्ये पुढे आले. दख्खनचे उद्रेक या आघाताच्या आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. संहारातला त्यांचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. लोणारच्या सरोवराचा या घटनेशी संबंध जोडला जातो, तो मात्र चुकीचा आहे. ते विवर या कातळातच खोदले गेले आहे, म्हणजे कातळ तयार झाल्यानंतर पुष्कळ काळाने.

गेल्या 50 कोटी वर्षांत अशी पाच महाविलोपने झाली. ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या अखेरचे पहिले मुख्यतः हिमयुगाशी जोडले जाते, डेव्होनियनमधल्या दुसऱ्याची कारणे अस्पष्ट आहेत, ट्रायासिकच्या शेवटी अटलांटिक महासागर उघडताना झालेले उद्रेक दिसतात आणि क्रिटेशसअखेरचे वर आलेच. सर्वांत भीषण पर्मियनच्या शेवटचे, 25 कोटी 20 लाख वर्षांपूर्वीचे. सायबेरियात वर येणारा शिलारस कोळशाच्या आणि क्षारांच्या थरांत घुसला, ते भाजून निघाले आणि कार्बन डायऑक्साइडसह अनेक वायू हवेत गेले. समुद्र तापला. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, शिवाय विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडने ते आम्लधर्मी झाले. सागरी प्रजातींपैकी 80 टक्क्यांहून अधिक गेल्या. चीनमधल्या मेइशानच्या खडकांवरून काढलेल्या कालमापनानुसार विलोपनाचा मुख्य भाग काही दहा हजार वर्षांत आटोपला. परिसंस्था सावरायला पुढे लाखो वर्षे लागली, प्रवाळभित्तींना तर त्याहूनही अधिक. एकूण बदल किती झाला, यापेक्षा तो किती वेगाने झाला, हे इथे निर्णायक ठरले.

प्रजाती शांत काळातही संपतात. सर्वसाधारण अंदाज असा, की दहा लाख प्रजातींमागे वर्षाला साधारण एक. आजचा वेग गेल्या एक कोटी वर्षांच्या सरासरीच्या किमान काही दहापट ते शेकडो पट असल्याचे आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाने 2019 मध्ये नोंदवले आणि सुमारे 10 लाख प्रजाती धोक्यात असल्याचे म्हटले. ‘सहावे महाविलोपन’ हा शब्दप्रयोग तरीही थोडा घाईचा वाटतो. तीन चतुर्थांश प्रजाती अजून गेलेल्या नाहीत, जुन्या संहारांशी तुलना करण्याजोगा आहे तो वेग. त्याच अहवालातली कारणे उतरत्या क्रमाने अशी: जमिनीच्या व समुद्राच्या वापरातला बदल, शिकार आणि अतिवापर, हवामानबदल, प्रदूषण, परक्या प्रजातींचे आक्रमण.

आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकांत पशुवैद्य आहेत, अभियंते आहेत, उद्या महसूल खात्यात रुजू होणारेही आहेत. विलोपनाच्या वरच्या कारणांपैकी बरीचशी अशाच लोकांच्या मेजांवरून पुढे सरकतात, तीही बहुधा कोणाच्याही वाईट हेतूशिवाय.

पहिले कारण, जमिनीच्या वापरातला बदल, माळढोक पक्ष्याच्या बाबतीत स्पष्ट दिसते. 1979 मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात, नान्नज धरून, 8,496 चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आल्याने ते राबवणे अशक्य होते, आणि पुढे क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण मूळ अडचण कागदावरची होती. गवताळ माळाला महसुली दप्तरात पडीक किंवा पोटखराब म्हणतात, आणि पडीक जमीन सुधारायची असते. तिथे पाणी आले की ऊस येतो, योजना आली की झाडे लावली जातात. उघड्या माळावर राहणाऱ्या पक्ष्याला दाट झाडीही परकीच. त्यात या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा चुकवणे त्याला जमत नाही. आता देशात उरलेले जेमतेम दीडशेच्या आसपासचे माळढोक मुख्यतः राजस्थानात आहेत.

गिधाडांच्या बाबतीत कारण औषधाच्या कुपीतून आले. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे सुमारे 99.9 टक्क्यांनी घटली. डायक्लोफेनॅक हे जनावरांच्या दुखण्यावरचे स्वस्त आणि गुणकारी औषध. मेलेल्या ढोराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात आणि अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचतो. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून 2004 मध्ये हे उघड झाले. शंभरातल्या एखाद्याच मढ्यात औषध असले तरी एवढी घसरण घडू शकते, कारण एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा बसतो आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. मढी उघडी पडू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली. मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवणाऱ्या पारशी समाजाला मुंबईतल्या दोखम्यांवर सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले.

2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय चाचणीत सिद्ध झालेला होता. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलिलिटरपुरत्या मर्यादित केल्या गेल्या. ॲसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते, पण त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी यायला 2023 उजाडले. जनावरांचे औषध आधी बाजारात येते आणि गिधाडांवरचा त्याचा परिणाम नंतर तपासला जातो, हा क्रम अजून पुरता उलटलेला नाही.