मागून मिळवलेला रविवार



रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि आठवड्याची एक सुट्टी व दुपारची अर्धा तास विश्रांती मागितली. सुट्टी पदरात पडण्यास १८९० साल उजाडले. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करीत असतानाच लोखंडे गेले.

अंबरनाथ पूर्वेहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्याचे रोज सुमारे तीन तास प्रवासात जातात. सहा दिवसांचे अठरा. ते बहुधा झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातूनच वजा होतात. आमच्या बाह्यरुग्ण विभागात रक्तदाबासाठी आलेले एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, मुलगी मला झोपलेलीच दिसते." त्यांना नुकतीच बढती मिळाली होती आणि रविवारीही ते कार्यालयात जात होते. गोळीची मात्रा वाढविणे सोपे होते. ती मी वाढविली. शिवाय महिन्यातले निदान दोन रविवार घरी राहा, असे सुचविले. (हे सांगण्याचा माझा अधिकार कितपत, ते माझ्या घरी विचारावे!)

पुढच्या खेपेस ते मुलीला घेऊन आले. रक्तदाब फारसा उतरला नव्हता. मुलगी मात्र वालधुनीकाठच्या शिवमंदिरात बाबांबरोबर पाहिलेल्या मूर्तींविषयी बराच वेळ बोलत होती. बाहेर रुग्णांची रांग होती, तरी मी तिला थांबविले नाही.