सरासरी भारतीय राहतो कुठे?



भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या गर्दीतच, एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९९२ साली स्थापन झालेली, 'नारी' या नावानं वर्षानुवर्षं ओळखली गेलेली. आजचा विषय एचआयव्हीच्याच एका गोळीपासून सुरू करतो.

गोळीचं नाव अबाकाव्हिर. बहुतेकांना ती मानवते. काहींना मात्र पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप. गोळी थांबवली की माणूस सावरतो. पण बरं वाटलं म्हणून तीच पुन्हा घेतली, तर जिवावर बेतू शकतं. २००२ साली पर्थच्या संशोधकांनी याचा संबंध एचएलए-बी*५७:०१ या जनुकप्रकाराशी दाखवला.

आपल्या पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर ठेवून बाहेर दाखवत असतात. रोगप्रतिकारक टी-पेशी ते तपासतात, कंपनीच्या गेटवर पास तपासावा तसे. अबाकाव्हिर नेमकं या ५७:०१ च्या खाचेत जाऊन बसतं, मग तिथे भलतेच तुकडे मावतात. असतात आपलेच, पण टी-पेशींना परके वाटतात आणि त्या हल्ला चढवतात. गंमत म्हणजे औषधाविना वर्षानुवर्षं एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या मोजक्या लोकांत हाच प्रकार जास्त सापडतो. विषाणूला भारी, गोळीला वैरी!

युरोपीय वंशाच्या लोकांत तो शंभरातल्या पाच-आठ जणांकडे असतो, जपानमध्ये जवळजवळ नाहीच. जुन्या साथी, स्थलांतरं आणि निव्वळ योगायोग यांतून हे फरक पडले. मग भारतात किती? इथे एकच आकडा मागू नका. २०१३ साली हैदराबाद आणि बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले समूह भरपूर मिसळले आणि नंतर जातीतच लग्नं होऊ लागली. त्यामुळे एकाच तालुक्यातल्या दोन समाजांतही अशा जनुकांचं प्रमाण वेगळं निघू शकतं. चाकणच्या एकाच असेंब्ली लाइनवर लातूरचा, बुलढाण्याचा, बिहारचा, ओडिशाचा कामगार उभा असतो. या चौघांची सरासरी काढून कोणाचं भलं होणार?

यावरून कोणी जातीच्या श्रेष्ठत्वाच्या गप्पा मारू लागला, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. फरक प्रमाणाचा आहे, आणि एकाच जातीतल्या दोन माणसांचे एचएलए प्रकारही सहसा जुळत नाहीत. सख्ख्या भावाबहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एक. तेव्हा आडनाव बघून औषध ठरवता येत नाही, रक्तच तपासावं लागतं.

तपासून काय साधतं, ते २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, जवळपास दोन हजार रुग्णांच्या चाचणीत दिसलं. आधी तपासणी करून ५७:०१ असलेल्यांना गोळी दिलीच नाही, त्या गटात त्वचाचाचणीनं खात्री झालेली एकही प्रतिक्रिया आली नाही. न तपासलेल्या गटात २.७ टक्के आल्या. तरी ५७:०१ असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांनाच त्रास होतो. ते निम्मे कोण, हे आधी ओळखता येत नाही, म्हणून डॉक्टर त्या सगळ्यांनाच दुसरं औषध देतात.