अडुळसा कफाला, विषाणूला नव्हे

पावसाळा सरत आला की खामगाव-मेहकर-चिखलीकडे घरोघरी खोकला सुरू होतो आणि बांधावरचा अडुळसा ओरबाडला जातो. ओरबाडा, माझी हरकत नाही. पिकलेली पिवळसर पानं वाफवावीत, रस पिळावा, मधातून चाटवावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नको, आणि गरोदर बाईला अडुळसाच नको. याच पानातल्या व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्झिन तयार झालं. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव तुम्हाला दिसेल. म्हणजे आजीचं औषध खरंच आहे. पण कशावरचं? कफावरचं. विषाणूवरचं नव्हे.

आपली कपाशीच घ्या. तुडतुड्यांसाठी फवारलंत, पानं सुधारली. पण गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसलेली, तिच्यापर्यंत फवारा पोचतच नाही. विषाणूही असाच पेशीच्या आत शिरून वाढतो. बोंडअळीसाठी तुम्ही कामगंध सापळे लावता, सलग 3 दिवस रोज 8 पतंग सापडले की धावपळ करता. मग घरच्या आजारी माणसाची तेवढी मोजदाद का नाही करत? बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा 94च्या खाली गेला, बोलताना दम लागला, 3 दिवसांत ताप हटला नाही, तर काढ्याचं पातेलं उतरवा आणि दवाखाना गाठा.

काही वनस्पतींचे अर्क प्रयोगशाळेत काचेच्या बशीत विषाणूची वाढ रोखतात, हे खरं. पण बशीत ओतलेला तेवढा अर्क पेलाभर काढ्यातून फुप्फुसात उतरेल, याची खात्री कोण देणार?

2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांचा काढा सुचवला, तो प्रतिकारशक्तीसाठी. आपण त्यातच गुळवेल घातली, ज्येष्ठमध घातला आणि दिवसभर पीत राहिलो. अहो, ज्येष्ठमध फार दिवस घेतला तर रक्तदाब चढतो! बीपीची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले 6 रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. ती चर्चा मोठी आहे, आज तेवढा वेळ नाही.

म्हणून तेच पुन्हा सांगतो, अडुळसा कफापुरता. रात्री म्हाताऱ्या माणसाचा श्वास जोरात चालू लागला, लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन लावा.