परलोकाची आशा आणि केडगाव

ख्रिस्ती आशा निव्वळ आत्म्याची सुटका मागत नाही. ती मृतांच्या पुनरुत्थानाची आणि देवाच्या सहवासात अनंत जीवनाची आहे. देवापाशी माणूस विरून जात नाही, माणूसच राहतो. मोक्षाची कल्पना आपल्याकडे ओळखीची, म्हणून हा फरक आधी सांगितला. स्वर्गाकडे डोळे लावले की संसाराकडे पाठ फिरते, हा आक्षेप जुनाच. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभारले. ज्या देहाला पुन्हा उठायचे आहे, तो इथे उपाशी कसा ठेवावा? श्रद्धेविना सेवा करणारेही असतात, त्यामुळे स्वर्ग सिद्ध होत नाही, हे खरेच. निष्क्रियतेचा आरोप मात्र केडगावच्या शेतात आणि छापखान्यात टिकत नाही. तिथे त्या मुली कामे शिकत होत्या.