उताऱ्याचे आकलन आणि अलंकारांची ओळख
(पनवेल तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षेची परंपरा १९५४-५५ पासूनची आहे. खेड्यातील गरीब मुलाच्या हाती गुणवत्तेच्या बळावर चार पैसे यावेत आणि ‘आपले मूल शिकू शकते’ हा विश्वास त्याच्या घरात यावा, हे तिचे खरे फळ होय. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा पाचवी व आठवीसाठी नव्या स्वरूपात सुरू झाली. पाचवीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तेव्हा ७५ प्रश्नांना ९० मिनिटे ठरली. त्यांत प्रथम भाषेचे २५ प्रश्न व ५० गुण होते. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्यास सव्वा मिनिटही येत नाही. इयत्ता कोणतीही असो, एवढ्या अवधीत घोकलेली व्याख्या कामास येत नाही. समजून वाचण्याची सवयच कामास येते.

ही सवय लावण्यासाठी महागड्या मार्गदर्शक पुस्तकाची गरज नाही. फळा पुरेसा आहे. पुढील उतारा पाहावा :

‘वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे झाला. पुण्यास सरकारी नोकरी करीत असता त्यांनी दुष्काळाने गांजलेली रयत पाहिली. पुढे त्यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र हाती घेतले. जन्मठेपेची शिक्षा देऊन त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.’

यावर चार प्रकारचे प्रश्न निघतात. ‘जन्म कोठे झाला?’ याचे उत्तर उताऱ्यात सरळ दिसते. ‘मृत्यूसमयी त्यांचे वय किती पूर्ण वर्षे होते?’ येथे मात्र घाई करणारा मुलगा ८३ मधून ४५ वजा करून ३८ लिहितो. ज्याने महिने वाचले, त्याच्या लक्षात येते की १८८३ सालचा नोव्हेंबर उजाडलाच नव्हता. उत्तर ३७ आहे. ‘शस्त्र हाती घेण्यामागे कोणती प्रेरणा होती?’ हा तिसरा प्रश्न. ‘म्हणून’ हा शब्द उताऱ्यात नाही. दोन वाक्यांचा क्रम पाहून रयतेचे दुःख हे कारण मुलाने स्वतः जोडावयाचे असते. चौथा प्रश्न फार फसवा : ‘पुढीलपैकी कोणती गोष्ट उताऱ्यात सांगितलेली नाही?’ फडके यांनी एडनच्या तुरुंगातून निसटण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट खरी आहे. परंतु ती या उताऱ्यात नाही. खरे असणे वेगळे आणि उताऱ्यात असणे वेगळे, हा विवेक हुशार मुलांनाही शिकवावा लागतो. प्रश्नातील ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘वगळता’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची शिस्त म्हणूनच पहिल्या दिवसापासून लावावी.

आता अलंकार. वरच्या इयत्तांत मुले व्याख्या धडाधड म्हणतात, पण नवे वाक्य समोर येताच थबकतात. याचे कारण असे की प्रत्येक अलंकारास एकच ठरलेले उदाहरण त्यांनी ऐकलेले असते. त्याऐवजी वस्तू एकच घ्यावी आणि तिच्याकडे पाहण्याची रीत बदलावी. कर्नाळ्याचा सुळका पनवेलच्या मुलांना ठाऊक आहे. ‘सुळका अंगठ्यासारखा दिसतो’, ही उपमा. दोन वस्तू वेगळ्या राहून सारख्या ठरल्या. ‘सुळका म्हणजे जणू डोंगराने उभारलेला अंगठाच’, ही उत्प्रेक्षा. येथे कल्पना झाली. ‘हा अंगठा सह्याद्रीचा’, असे सुळक्यासच म्हटले, की भेद मिटला व रूपक झाले. ‘पावसाळ्यात सुळका ढगांची घोंगडी पांघरून बसतो’, ही चेतनगुणोक्ती. निर्जीवास माणसाचे वागणे लाभले. ‘सारखा’ किंवा ‘जणू’ शोधून उत्तर ठरविण्याची युक्ती तात्पुरती उपयोगी पडते. परंतु ‘जणू’ नसलेली कल्पनाही ओळखता यावी, यासाठी आधी ‘काय कशासारखे मानले?’ हे विचारावे. पहिले उपमेय, दुसरे उपमान.

यमकाच्या बाबतीत येथील शिक्षकाने विशेष सावध राहावे. आगरी बोलीत ‘ळ’ च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’ च्या जागी ‘न’ येतो. मुलाच्या कानाला ‘गळा’ आणि ‘मला’ यांचे यमक जुळते, कारण त्याच्या घरी ‘गला’च म्हणतात. अशा मुलास ‘चूक’ म्हणून खाली बसविणे अन्यायाचे आहे. त्याचा कान तयार आहे, केवळ छापील अक्षराची ओळख व्हावयाची आहे. दोन्ही शब्द फळ्यावर लिहून, घरचा उच्चार व पुस्तकातील उच्चार शेजारी ठेवावेत. स्वतःच्या बोलीची लाज न वाटता प्रमाण भाषा शिकणारे मूल उतारा धीटपणे वाचते.

रोज दहा मिनिटे, पाच वाक्यांचा एक उतारा आणि चार प्रश्न एवढे पुरे. त्यांपैकी एक प्रश्न मुलांनीच काढावा. ज्याला प्रश्न काढता येतो, त्याला पर्यायांतील फसवणूक ओळखता येते. शिष्यवृत्ती काहींनाच मिळेल. परंतु रेशनकार्डावरील नोंद, बँकेचा अर्ज आणि सातबाराचा उतारा प्रत्येकालाच वाचावा लागणार आहे. तेथे चार पर्याय दिलेले नसतात.