ग्रिम्सपाउंडचीं दगडी कडीं

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्यांत, डार्टमूर नांवाचें ग्रॅनाइटचें उघडें पठार आहे. झाडें विरळ, पाऊस मुबलक, आणि धुकें केव्हां उतरेल याचा नेम नाहीं. तेथेंच दोन टेकड्यांच्या मध्यें, सुमारें १,५०० फूट उंचीवर, ग्रिम्सपाउंड हें स्थळ आहे. सुमारें चार एकर जागेभोंवतीं दगडी गडगा, आणि आंत २४ घरांचीं वाटोळीं जोतीं. वस्ती ब्राँझयुगांतली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी. छपरें केव्हांच कुजून गेलीं. उरलीं तीं दगडांचीं कडीं.

१८९४ सालीं सबाइन बेअरिंग-गूल्ड, रॉबर्ट बर्नार्ड प्रभृति मंडळींच्या समितीनें येथें खोदकाम आरंभिलें. मिळालें काय? चुली, कोळसा, गारगोटीचे कांहीं तुकडे आणि विस्तवानें तडकलेले गोटे. असे गोटे लाल तापवून पाण्यांत सोडावयाचे आणि अन्न शिजवावयाचें, अशी त्यांची रीत. हाडें मात्र नाहींत. तेथील आम्लधर्मी मातींत तीं टिकत नाहींत. त्यामुळें या लोकांची सारी हकीगत दगडांनाच विचारावी लागते.

मोठा गडगा पाहून हा किल्ला असावा, असें कित्येकांस वाटलें. पण त्याचा दरवाजा आहे चढाच्या बाजूस! वरून शत्रूनें नुसते धोंडे लोटले तरी काम भागावें. सह्याद्रींतल्या एखाद्या गडकऱ्यानें हें पाहिलें असतें तर तो हंसलाच असता. वरच्या कुरणांतून गुरें परत आणण्यास मात्र तीच बाजू सोयीची. तेव्हां हा गडगा लढाईकरितां नसून गुरांकरितां होता, हेंच म्हणणें अधिक सयुक्तिक दिसतें.

पुढें हवा थंड व ओलसर झाली, जमिनीवर दलदलीचा काळा थर चढूं लागला, आणि इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास डार्टमूरच्या उंच भागांतील वस्ती बहुतेक उठली. साऱ्या पठारावर अशीं सुमारें ५,००० कडीं आढळलीं आहेत.

समितीनें उत्साहाच्या भरांत ग्रिम्सपाउंड येथील कांहीं पडक्या भिंती पुन्हा उभारल्या. हेतु चांगला होता. परंतु तेव्हांच त्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. कारण आतां कित्येक ठिकाणीं मूळचा दगड कोणता आणि समितीनें बसविलेला कोणता, हें जाणत्यांसहि सांगतां येत नाहीं.