मुक्या जिवांचे मीठ
(दुष्काळनिवारण कमिटीच्या वतीने वर्सोवा येथे व्यापारी, जमीनदार व देणगीदार यांच्या सभेत केलेले भाषण)



दुष्काळफंडाच्या सभांतून आजवर धान्य, चारा आणि पाणी या तीन गोष्टींची मागणी होत आली आहे, आणि ती सर्वथैव योग्य आहे. आज आम्ही एक चौथी गोष्ट मागावयास उभे आहोत. ती इतकी क्षुल्लक दिसते की, तिचे नाव ऐकून आपणांपैकी काहींस हसू येईल. ती गोष्ट म्हणजे शेळ्यांना द्यावयाचे मीठ आणि त्यासोबतचे चिमूटभर खनिज मिश्रण.

प्रथम शेळीच का, हे सांगणे अवश्य आहे. २०१९ सालच्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या सुमारे १ कोटी ६ लाख भरली. यांतील बहुसंख्य शेळ्या अल्पभूधारक, शेतमजूर, धनगर आणि एकट्या स्त्रिया यांच्या दारी बांधलेल्या असतात. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याचे शेळी हेच चालते मुद्दल. दूध आणि करडे हे त्याचे व्याज. आजारपण आले, मुलाची फी भरावयाची झाली, की एक शेळी विकावयाची, हा या घरांचा पेढीव्यवहार होय. दुष्काळात शेळी खंगली की ती मिळेल त्या किमतीस बाजारात जाते, आणि पुढील वर्षी पाऊस चांगला पडला तरी त्या घराचे मुद्दल परत येत नाही. व्यापारीवर्गास याचा अर्थ अधिक फोड करून सांगावयास नको.

असे असता मदतीच्या योजनांत मुख्य लक्ष गाई, म्हशी व बैल यांजकडेच जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात माण तालुक्यातील म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी चालवून मोठेच काम केले. सातारा, सांगली, सोलापूर, बीड या जिल्ह्यांतही ठिकठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. त्या कामाबद्दल आमच्या मनी आदरच आहे. परंतु जिच्या घरी दावणीला बैल नाही, केवळ दोन शेळ्या आहेत, तिच्यापर्यंत आपले दान पोहोचावे, ही आमची इच्छा आहे.

आता मिठाकडे वळू. आपण जमलो आहोत ते वेसावे गाव मिठाचे महत्त्व कोणाकडून शिकावे असे नाही. येथील कोळीभगिनींचा मासळी खारविण्याचा व सुकविण्याचा उद्योगच त्यावर चालतो. खाडीपलीकडे न जाता मुलुंड, भांडुप, वडाळा ही नावे घेतली तरी मिठागरे डोळ्यांपुढे येतात. याच मिठावर परकी सरकारने कर बसविला होता. १८८८ साली तो दर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील भाषणात तो कमी करण्याची मागणी केली. पुढे १९०३ साली दोन, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपया अशी त्यात घट झाली. १९३० साली येथून जवळच विलेपार्ल्यास मिठाच्या सत्याग्रहाची छावणी उभी राहिली. १९४७ साली तो कर अखेर नाहीसा झाला. कर महाग म्हणून गोरगरीब माणसास व जनावरास मीठ तोडावे लागते, ही त्या काळची एक मुख्य तक्रार होती. आज कर नाही आणि जाडे मीठ सर्वांत स्वस्त वस्तूंत मोडते. तरीही दुष्काळातील शेळीच्या तोंडी ते पडत नसेल, तर त्याचा दोष आता सरकारच्या कराकडे जात नाही, आपल्या विस्मरणाकडे जातो.

कोणी विचारील, चारा दिला म्हणजे झाले, मीठ कशास? याचे उत्तर चाऱ्याच्या गुणांतच आहे. वाळलेली वैरण आणि झाडपाला यांत सोडियम फारच थोडे असते. ते कमी पडले की शेळीची भूक मंदावते, दूध आटते, करडे वाढत नाहीत. ती भिंती चाटते, माती व चिंध्या खाते. पुढ्यात टाकलेला चाराही ती मग पुरता खात नाही, म्हणजे आपण दिलेल्या चाऱ्याचा काही भाग वायाच जातो. वाळल्या कडब्यात व गवतात स्फुरद कमी असते. त्याच्या अभावी जनावर हाडे चघळू लागते, आणि कुजक्या हाडांतून प्राणघातक विषबाधा होण्याचे भय असते. छावण्यांतून उसाचे वाढे मुबलक येतात; परंतु वाढ्यांतील ऑक्झॅलेट हे द्रव्य शरीरातील चुना बांधून टाकते. म्हणूनच जाणती माणसे वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात. आयोडीन न मिळाल्यास गाभण शेळीची करडे गळ्यास गाठ घेऊन किंवा अशक्त जन्मतात.

येथे कायद्याची एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २००६ सालापासून माणसांच्या खाण्याकरिता आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. मात्र जनावरांकरिता तसे मीठ योग्य खुलाशाचे लेबल लावून विकता येते. तेव्हा जनावरांचे म्हणून जे स्वस्त मीठ मिळते त्यात आयोडीन असेलच असे धरून चालता येत नाही. त्याची भरपाई आयोडीनयुक्त खनिज मिश्रणाने करावी, हा आमच्या मागणीचा एक हेतू आहे.

प्रमाण किती? प्रौढ शेळीस रोज सुमारे १० ग्रॅम मीठ व तितकेच खनिज मिश्रण, हा सर्वसाधारण हिशेब धरावा. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंतचे चार महिने, म्हणजे १२० दिवस घेतले, तर एका शेळीस दोन्ही मिळून २.४ किलो, आणि शंभर शेळ्यांस २४० किलो लागतात. शंभर शेळ्यांचा चारा वाहून नेण्यास मालमोटारी लागतील. त्यांचे चार महिन्यांचे मीठ व खनिज एका हातगाडीवर मावेल. इतक्या थोड्या बोजात इतके पुण्य दुसऱ्या कोणत्या मालाने साधेल, ते आम्हांस ठाऊक नाही.

परंतु चांगली वस्तूही अविचाराने दिल्यास घात करते. मीठ द्यावयाचे तर पाणी आधी हवे. तहानलेल्या जनावरास मीठ मोकळे सोडले आणि पाणी दिले नाही, तर ते विषच होय. म्हणून ज्या गावी पाण्याची सोय नाही, तेथे कमिटी मीठ पाठविणार नाही. आधी टाकी भरील. पुरेसे पाणी व मीठ मिळालेल्या बोकडांस मूतखड्याचा त्रासही कमी होतो. मिठाची वीट जमिनीपासून उंच, छपराखाली, व एकीऐवजी दोन ठिकाणी टांगावी, नाहीतर दांडगी शेळी चाटते आणि दुबळी पाहात राहते. मेंढ्यांस तांबे सोसत नाही. म्हणून गाई-म्हशींसाठी केलेले मिश्रण मेंढ्यांस घालू नये. आणि वर्सोव्याच्या मंडळींस मुद्दाम विनंती, की मासळी खारवून उरलेले मीठ सद्भावनेने पाठवू नये. ते दूषित असते.

माणसे अडचणीत असता शेळ्यांच्या मिठाची गोष्ट काढणे हे अप्रस्तुत आहे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. त्यास आमचे उत्तर एवढेच की, माणूस व त्याची शेळी हे दोन निरनिराळे दावे नाहीत. शेळी दुष्काळातून निभावली तर ते घर पुढल्या वर्षी आपल्या पायावर उभे राहते. ती गेली, तर तेच घर पुन्हा आपल्या दारी मदतीसाठी येते, आणि त्या वेळी हातगाडीभर मिठाने भागत नाही.

तेव्हा आमची विनंती अशी. व्यापारी बंधूंनी जाड्या मिठाची पोती व वाहतूक द्यावी. जमीनदार मंडळींनी आपल्या विहिरीचे पाणी व एखाद्या सावलीच्या जागेची परवानगी द्यावी. इतर देणगीदारांनी खनिज मिश्रणाकरिता रोख रक्कम द्यावी. कोणी एका शेळीचे द्यावे, कोणी एका वस्तीचे. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि किती पोती आली, कोणत्या गावी गेली व किती शेळ्यांस पोहोचली, याचा हिशेब अहवालात छापला जाईल. ज्याचे मीठ खावे त्यास जागावे, असे आपण म्हणतो. या जनावरांचे दूध आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या प्याले आहे. त्यांस दोन चिमटी मीठ देणे हे उपकार नसून देणे आहे, एवढे ध्यानी ठेवून आपण आपला हात सैल करावा, अशी कमिटीच्या वतीने प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.